कुकरच्या शिट्टीसकट यमन

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, की आईच्या जुन्या गेमच्या सुरुवातीला जे गाणं लागतं, त्यात मध्येच शिट्टी का वाजते. धाकटीचं म्हणणं, ती आगगाडीची. मोठ्याचं म्हणणं, त्या गेममध्ये आगगाडी नाहीच, साधी घोडागाडीसुद्धा फार उशिरा मिळते. मी म्हटलं, लिहून पाठवते. तुमची आई तेव्हा कॅमेऱ्याच्या बाहेर बसून हसत होती. तिने हे तुम्हाला वाचून दाखवावं, आणि वाचताना काही गाळू नये.

ती शिट्टी माझ्या कुकरची. गाणारे तुमचे आजोबा. त्यांच्या मागे जी सारखी गुणगुण ऐकू येते तो तानपुरा, आणि तो मी वाजवते आहे. हे सगळं एका लढाईच्या खेळात कसं जाऊन बसलं, ते क्रमाने सांगते. शाळेत मी मुलांना निबंध असाच लिहायला लावत असे: आधी माणसं, मग जागा, मग काय घडलं ते.

तुमचे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग, ज्यावर कापड विणतात. त्या खात्यात इतका खडखडाट असे, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे, नाहीतर हाताने खुणा कराव्या लागत. बाकीच्यांना तो आवाज नकोसा होई. आजोबांना तो सोयीचा होता. ते त्या आवाजात मोकळ्या गळ्याने गात. कुणाला ऐकू जात नसे, त्यामुळे चुकण्याचा संकोच नव्हता. पाळी संपली की अंगावरचा कापूस झटकून ते गिरगावात गाण्याच्या क्लासला येत. गुरुजी विचारत, "एवढा रियाज करतोस कधी?" ते म्हणत, "कामावर." गुरुजींना वाटे, पोरगा चेष्टा करतोय.

त्याच क्लासात मी होते. मी गिरगावातलीच, कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. माझा गळा बेताचा. गुरुजींनी ते लवकर ओळखलं आणि मला तानपुऱ्याशी बसवलं. "तू सूर धरून ठेव," म्हणाले, "गायला बाकीचे आहेत." मी तानपुरा धरायचे आणि पुढे बसून तुमचे आजोबा गायचे. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. घरी सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "कोण? गिरणीतला?" मी म्हटलं, "नाही, गाणारा." पण लग्नाला ते आले आणि जेवल्यावर जावयाला गायलाही लावलं.

मी लालबागच्या चाळीत राहायला गेले आणि दादरच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. एक खोली, पुढे लांब गॅलरी. दर कोजागिरीला त्या गॅलरीत आजोबांचं गाणं होई. शेजारच्या खोलीतले काका तबल्याला बसत. तेही साचेखात्यातलेच, आजोबांच्या पलीकडच्या मागावर. तुमची आई त्या गाण्यात माझ्या मांडीवर झोपलेली असे.

मग संप झाला. त्याबद्दल तुम्ही पुढे पुस्तकांत वाचाल, म्हणून मी थोडक्यात सांगते. गिरण्यांचे भोंगे एकदम गप्प झाले. पहिले काही महिने लोकांत जोर होता. चाळीत तर गाणी वाढली, कारण पुरुषमाणसं घरी होती. पण गिरण्या उघडण्याचं चिन्ह दिसेना, आणि एकेक बिऱ्हाड सामान बांधून गावी जाऊ लागलं. माझी नोकरी होती म्हणून आम्ही टिकलो. तबलेवाले काका कोकणात कायमचे जायला निघाले, तेव्हा आदल्या संध्याकाळी गॅलरीत शेवटची मैफल झाली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे मैफलीच्या शेवटी भैरवी गातात. भैरवी झाली की मैफल संपली. मग कुणी कितीही आग्रह करो, गवई पुन्हा तोंड उघडत नाही. त्या संध्याकाळी आजोबांनी भैरवी म्हटली. काकांनी तबल्यावर कापड घातलं. आजोबांनी तानपुरा गवसणीत घातला आणि पोटमाळ्यावर नेऊन ठेवला.

तो खाली आलाच नाही. सणाला, बारशाला, कोजागिरीला लोक म्हणत, "एखादं होऊ दे." आजोबा म्हणत, "भैरवी झाली ना." पुढे लोकांनी विचारणंच सोडलं. ते न्हाणीतसुद्धा गुणगुणेनासे झाले.

ते कुढत बसले होते असं मात्र समजू नका. गिरणी गेली ती गेली. त्यांनी दादरला एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली. स्वतः विणणारा माणूस दुसऱ्यांनी विणलेलं कापड मापून देऊ लागला, आणि तेही मान वर ठेवून. घरी येऊन मुलीचं गणित घेत, माझ्या शाळेतल्या गमती ऐकून हसत. सगळं होतं, फक्त गाणं नव्हतं. त्या वर्षांत मला एकच गोष्ट हवी होती, की ते पुन्हा गावेत. आणि तेवढीच एक गोष्ट मी त्यांना म्हणत नव्हते, कारण म्हटलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं.

मी एवढंच केलं, की रेडिओवर चांगलं गाणं लागलं की ते कॅसेटवर भरून ठेवू लागले. प्रत्येक कॅसेटवर रागाचं नाव, शाईने, इंग्रजी वळणदार अक्षरात. हळूहळू बिस्किटांचा मोठा डबा भरला. मी कॅसेट लावली की आजोबा उठून गॅलरीत जात. पण गॅलरीच्या पुढे जात नसत. हे मी पाहून ठेवलं होतं.

तुमची आई मोठी झाली आणि इंजिनिअरिंगला गेली. चाळीतली ती पहिलीच मुलगी. तिने आणि तिच्या मैत्रिणीने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला. माझ्या शिवणयंत्राचं टेबल त्याने बळकावलं. अभ्यासासाठी म्हणून आलेल्या त्या यंत्रात थोड्याच दिवसांत हा गेम आला.

मी शिक्षिका, मला आधी तो आवडला नाही. पण मागे उभी राहून पाहू लागले तेव्हा लक्षात आलं, की यात लढाई कमी आणि संसार जास्त आहे. आधी चार माणसं मिळतात. त्यांच्याकडून लाकूड तोडून घ्यायचं, शेत पेरायचं, कोठार बांधायचं, मग घरं, मग फौज. धान्य संपत आलं की आधीच तजवीज करायची. हे तर मी रोज करत होते. आजोबा कॉटवर पेपर वाचता वाचता चष्म्यावरून बघत.

"अगं, ते सगळे एकाच झाडाला काय लागलेत? दुसरी झाडं काय शोभेची आहेत?"

"बाबा, जवळ पडतं म्हणून."

"आणि त्यांना जेवायची सुट्टी?"

"सुट्टी नसते या गेममध्ये."

"मग करतील एक दिवस संप," आजोबा म्हणाले आणि पान उलटलं. तुमच्या आईने वळून माझ्याकडे पाहिलं. संप हा शब्द त्यांनी असा हसत उच्चारलेला आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

वैताग होता तो गेमच्या संगीताचा. तुताऱ्या आणि ढोल, तेच तेच, फिरून फिरून. चाळीत एका घरचा आवाज चार घरांत जातो. शेजारच्या मालवणी मावशी दारात येऊन विचारू लागल्या, "काय गो, रोज रोज कोणाची वरात काढतंस?" शेवटी एके दिवशी आजोबाच म्हणाले, "तो बँड बंद कर बघू. नाहीतर काहीतरी ऐकण्यासारखं तरी लाव."

ते बोलून गेले आणि विसरले. तुमची आई विसरली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्या आल्या तिने मला बोलावलं. "आई, हे बघ. गेमची सगळी गाणी या एका ठिकाणी ठेवलेली आहेत. सुरुवातीचं वेगळं, शांततेचं वेगळं, लढाईचं वेगळं, जिंकल्याचं, हरल्याचं. गेम फक्त नाव बघतो. नाव तेच ठेवायचं आणि आत आपलं गाणं घालायचं. त्याला कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे हजेरीला नाव एकाचं आणि बाकावर बसलेला दुसराच," मी म्हटलं.

"बदलीवाला," कॉटवरून आवाज आला. गिरणीत एखादा कामगार आला नाही तर त्याच्या जागी जो उभा राही, त्याला बदली म्हणत.

"हां, बाबा, अगदी बदलीवाला!" तुमची आई म्हणाली. "आई, तुझा डबा काढ."

मग आमचं काम सुरू झालं. कॅसेट प्लेअरची वायर कॉम्प्युटरच्या पाठीमागे जोडायची, गाणं पुरं वाजू द्यायचं, तेवढा वेळ घरात मिक्सर लावायचा नाही, ट्यूब चालू-बंद करायची नाही, कारण त्याने आत टकटक असा आवाज येई. कुठे काय घालायचं ते आम्ही दोघी ठरवत होतो. शेती आणि घरबांधणीला देस. थंडीचे दिवस दाखवतात तिथे मालकंस. जिंकल्यावर तिला सनई हवी होती. मी म्हटलं, लग्न लागल्यासारखं वाटेल. तिने तीच लावली. सुरुवातीला यमन घ्यायचा हे न बोलताच ठरलं, कारण शिकणाऱ्याला आपल्याकडे बहुतेक यमनच आधी शिकवतात. गिरगावच्या क्लासातही आमचा पहिला राग तोच होता.

लढाईला मात्र मी हट्टाने दरबारी घालायला लावला. भारदस्त राग, राजाच्या दरबाराला शोभणारा, असं मी तिला पटवून दिलं. राग शोभेसा होता, पण कॅसेटवर होता तो अतिविलंबित ख्याल. शत्रू चालून आला, गवई आरामात पहिलं आवर्तन भरू लागला. तालाच्या ज्या मात्रेवर फिरून येऊन टेकायचं तिला सम म्हणतात. गवई त्या समेच्या जवळही पोचला नव्हता आणि इकडे आमचे भालेवाले झोपले, तिरंदाज झोपले, कोठार पेटलं.

"तुमची फौज समेवर यायच्या आतच खलास," गॅलरीतून आजोबा म्हणाले.

 मी तांदूळ निवडत होते, ते निवडतच राहिले. एवढ्या वर्षांत गाण्याबद्दलचं एक वाक्य त्यांच्या तोंडून आलं होतं, आणि मला भीती वाटत होती की मी मान वर केली तर दुसरं यायचं नाही. थोड्या वेळाने ते आलं. "लढाईला सतारीचा झाला लावा. द्रुत. त्या डब्यात असेल." म्हणजे डब्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

हरल्यानंतर काय वाजवायचं, यावर मात्र आम्ही दोघी बोललोच नाही. डब्यात सारंगीवरची भैरवी होती. तुमच्या आईने ती कॅसेट उचलली, माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

तुमची आई सहसा हरत नसे, त्यामुळे बरेच दिवस ती भैरवी कुणी ऐकलीच नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी दोन बाजूंनी शत्रू आला आणि ती हरली. पडद्यावर तिचं गाव जळत होतं आणि सारंगी सुरू झाली. आजोबा पाणी प्यायला आत आले होते. तांब्या हातात घेऊन ते तिथेच उभे राहिले. भैरवी पुरी झाली. तुमच्या आईने नवा डाव मांडला आणि लगेच यमन लागला.

"बंद कर ते," आजोबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण मला तो लागला. "भैरवीनंतर गात नाहीत. एवढं माहीत नाही तुला?"

"मग काय करू, बाबा? हरले म्हणून कॉम्प्युटर उचलून माळ्यावर ठेवू?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. ती थांबली नाही. "ती त्या डावाची भैरवी होती. तो डाव संपला. हा दुसरा आहे."

आजोबांनी तांब्या ठेवला आणि ते गॅलरीत गेले. संध्याकाळी जेवायची हाक मारेपर्यंत आत आले नाहीत. मला वाटलं, झालं, आता कॅसेट लावायचीही सोय राहिली नाही. मी तुमच्या आईवर मनातून रागावले होते. पण खरं सांगायचं तर जे मला इतकी वर्षं बोलता आलं नव्हतं ते तिने सरळ बोलून टाकलं होतं, आणि त्या रागाच्या खाली मला तिचा अभिमानच वाटत होता.

दोन-तीन दिवसांनी दुकानातून आल्यावर आजोबा कॉम्प्युटरपाशी थांबले. "तो सुरुवातीचा यमन. त्यात खरखर फार आहे."

"हो ना, बाबा. पण आपल्याकडे दुसरा नाहीच."

दुसरा होता. चांगला स्वच्छ, सहा महिन्यांपूर्वी मीच भरलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुमच्या आईने बसल्या जागेवरून पायाने डबा कॉटखाली ढकललेला मला दिसला. मी तोंड मिटलं.

"हं," आजोबा म्हणाले.

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला स्टूल धरायला सांगितलं. गवसणीवर धुळीचा थर होता. आतल्या तारा गंजल्या होत्या, एक तुटलेली. आम्ही दोघं तानपुरा घेऊन गिरगावात गेलो. क्लास केव्हाच बंद झाला होता, पण त्याच गल्लीतला वाद्यं दुरुस्त करणारा अजून होता. त्याने तारा चढवून एकदा छेडल्या. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, बोटं चालतात का अजून?" ते मला थट्टेत असं म्हणत, शाळेतली मुलं म्हणत तसं. मी तिथे दुकानाच्या फळीवर बसून तानपुरा वाजवून दाखवला.

आता अडचण वेगळीच. गळा इतकी वर्षं बंद होता, तो आता फाटत होता, स्वर ठरत नव्हता. आणि रियाज करायचा कुठे? साचेखात्यातला आवाज आता नव्हता. चाळीत चमचा पडला तरी शेजारी कळतं. पूर्वी गॅलरीभर लोकांना बसवून गाणारा माणूस फाटक्या गळ्याने त्यांच्या कानांवर पडायला तयार नव्हता. दोन दिवस तानपुरा नुसता कोपऱ्यात उभा होता.

तोडगा तुमच्या आईनेच काढला. गेममधलं संगीत बंद करून तलवारींचे, घोड्यांचे, कोसळणाऱ्या भिंतींचे आवाज तिने मोठ्यात मोठे केले आणि म्हणाली, "बाबा, बघा, साचेखातं झालं का?"

आजोबा हसले. असे हसले की त्यांना ठसका लागला. आणि मग तुमची आई लढाई लावून बसू लागली, आणि त्या खणखणाटात आजोबा भिंतीकडे तोंड करून सा लावू लागले. रोज संध्याकाळी, दुकानातून आल्यावर. मी तानपुरा धरून बसायचे, आणि मला काही ऐकू येत नसे. फक्त त्यांच्या पाठीवरून कळे, की आज श्वास पुरतोय.

मावशींनी पुन्हा दारात येऊन विचारलं, "गो, ही लढाई संपाची नाय काय?" पण पुढे एकदा नळावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "तलवारींच्या मागसून तो गाता मा? माका आयकाक येता. त्येका सांगा नको हां." मी अर्थातच सांगितलं नाही. ते आत्ता, हे वाचताना, त्यांना कळणार आहे.

पावसाळा सरला तेव्हा एके दिवशी आजोबा आपणहून म्हणाले, "उद्या लढाई नको. उद्या घ्या भरून."

यमन दिवेलागणीचा राग. दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर आम्ही बसलो. कॉम्प्युटरचा मायक्रोफोन कपडे वाळत घालायच्या काठीला बांधून तुमच्या आईने तो त्यांच्या तोंडासमोर लोंबता ठेवला. पंखा बंद, ट्यूब चालू, आता तिला हात लावायचा नाही. बाहेर गॅलरीत मावशींनी अख्खा मजला गोळा करून ठेवला होता आणि दबक्या आवाजात दम देत होत्या, "गप ऱ्हवा रे! खोकलो इलो तर खाली जावा!" तबला नव्हता. वाजवणारे काका कोकणात होते, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायला आजोबा तयार नव्हते. म्हणून तुम्हाला त्यात तबला ऐकू येत नाही.

मी सगळी तयारी नीट केली होती. शिस्तीत बसण्याआधी कुकर चढवला होता, म्हणजे गाणं होईपर्यंत भात तयार, आणि सुरू करण्याआधी उठून गॅस बंद करायचा, असा माझा हिशोब. पण आजोबा तानपुरा लावत बसले, तार चढव, तार उतरव, आणि मन भरल्यावर त्यांनी डोळे मिटून सरळ सुरुवातच केली. मी तानपुऱ्यावर. माझा हात थांबला तर सगळं थांबलं. तुमची आई कॉम्प्युटरपाशी, तीही हलू शकत नव्हती. आणि गॅसवर कुकर.

आवाज पूर्वीसारखा नव्हता. जाड झाला होता, वरच्या स्वरांना कडेला थोडा खरखरीत. पण स्वर जागच्या जागी लागत होते. क्लासात त्यांच्या पाठीमागे बसून मी जे ऐकलं होतं ते हेच, एवढं मला पक्कं कळलं. आजोबा खालून चढत निषादावर आले. हा स्वर असा आहे, की त्यावर आलेला माणूस षड्जाच्या दारात उभा असतो, आत जायचाच असतो. नेमकी तेव्हा शिट्टी झाली. चांगली लांब, सगळा जीव ओतून.

मी डोळे मिटले. गॅलरीत कुणीतरी "आई गं" म्हणालं, तेही नीट कान दिलात तर ऐकू येईल.

आजोबा थांबले नाहीत. शिट्टी संपेपर्यंत ते त्याच निषादावर उभे राहिले, हलले नाहीत, आणि ती संपल्यावर सावकाश षड्जावर आले. ज्याने साचेखात्यात रियाज केला त्याला कुकर काय थांबवणार! मी तुम्हाला एरवी सांगते की स्वतःच्या माणसांची फुशारकी मारू नये. इथे मी मारते आहे.

गाणं संपलं. तुमच्या आईने विचारलं, "बाबा, पुन्हा घेऊ या? शिट्टी आलीय."

"कशाला? भात झाला वाटतं," आजोबा म्हणाले. आणि मग, "राहू दे ती."

तुमच्या आईने ते गाणं सुरुवातीच्या यमनाच्या जागी घातलं. जागा पुरेना म्हणून स्वतःचं बरंच काही पुसून टाकलं. सगळा मजला दारात, खिडकीत. तिने गेम सुरू केला. पडद्यावर डोंगर, किल्ला, आणि आमच्या खोलीतून तुमच्या आजोबांचा आवाज. ती पुढचं बटण दाबेचना. गाणं पुरं होईपर्यंत पडद्यावर नुसता तो किल्ला. मावशी पदराने डोळे टिपत होत्या आणि शिट्टी आली तेव्हा मोठ्याने म्हणाल्या, "हो माझो नाय, तिचो कुकर!"

"आता खेळ की," आजोबा म्हणाले. "नुसती काय बसलीस? माणसं उभी आहेत झाडापाशी."

त्या कोजागिरीला ते गॅलरीत गायले. आधी आग्रहाची वाटही पाहिली नाही. पुढे काही महिन्यांनी तबलेवाले काका एका लग्नासाठी मुंबईत आले. पिशवी दारात ठेवली आणि बसायच्या आधी विचारलं, "काय रे, गातोस म्हणे? भैरवी झाली होती ना तुझी?"

"ती त्या मैफलीची झाली होती," आजोबा म्हणाले. अगदी सहज, जणू हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तुमची आई चहा गाळत होती. ती माझ्याकडे बघून हसली, पण हे वाक्य कुणाचं ते आम्ही दोघींनी कधी काढलं नाही.

आता ती चाळ नाही. त्या जागेवर उंच इमारत आहे आणि तिच्यातच वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. आजोबांकडे दर गुरुवारी इमारतीतले काहीजण गाणं शिकायला येतात, आणि ते त्यांना यमनापासून सुरुवात करून देतात. तानपुरा मी धरते. तुमची आई तिकडे परदेशात मोठं काम करते, पण जाताना तिने कपड्यांच्या आधी तो गेम बॅगेत घातला होता, हे मी बॅग भरताना स्वतः पाहिलं आहे.

तुमच्यातल्या मोठ्याने रविवारी सांगितलं, की हरलो की मी लगेच बंद करतो, ती रडकी सारंगी मला नको. हे मी आजोबांना सांगितलं. ते आत्ता शेजारी बसून मी काय लिहिते ते वाचताहेत. म्हणाले, त्याला लिही, सारंगी पुरी होऊ दे. मध्ये तोडायची नाही. आणि ती संपली की उठायचं नाही, तिथेच दुसरा डाव मांडायचा, मी येतोच, शिट्टीसकट.